ताईच्या दुखण्याचा दुभाष्या

घरातलं कुणी किडनी द्यायला तयार झालं की लोक त्याच्याबद्दल फार चांगलं बोलतात. पाया पडतात, शाल घालतात, फोटो काढतात. मी लिहितोय ते त्या फोटोनंतरचं आहे. मी घेणारा. देणारी माझी मोठी बहीण, शकूताई. आमच्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहायला बसलो. माझी बायको वैशाली म्हणाली, "लिहायचं तर सगळं लिहा. नाहीतर राहू द्या." म्हणून सगळं.

गोळ्या

बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. पाठ दुखायची, कित्येक वर्षं. पण सुपरवायझरच पाठ धरून उभा राहिला तर खालच्या लोकांना काय सांगणार? मशीन शॉपच्या प्रथमोपचार पेटीत दुखण्याची गोळी असायची. ती संपली की मांजलपूरच्या मेडिकलमधून गोळ्यांचा पत्ता आणायचा. घरी कुणाला बोललो नाही. आमच्या घरात 'दुखतंय' म्हणायची पद्धतच नव्हती. वडील हात मोडून आले तेव्हाही आधी जेवायला बसले होते.

मग सकाळी मळमळायला लागलं. तोंडाला लोखंडाची चव. संध्याकाळी बूट काढले की पायावर मोज्याचा खड्डा तसाच राहायचा. रक्त तपासलं, आणि किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, दुखण्याची गोळी घेता का. मी म्हटलं, नाही. वैशाली शेजारी बसली होती. तिने माझ्या ऑफिसच्या बॅगेची चेन उघडली, अर्धा संपलेला पत्ता काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

तिला माहीत होतं. किती दिवस, ते मी अजून विचारलेलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पत्ता उलटा करून नाव वाचलं, बाजूला सरकवला आणि पुढचं समजावून सांगायला लागले. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. फक्त गोळ्यांनी असं होतंच असं नाही, रक्तदाबही होता, पण गोळ्यांनी हातभार लावला. बाहेर आल्यावर वैशाली पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून रडली. मी चावी शोधत राहिलो.

खुर्ची

डायलिसिसबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळत नाही. तहान मात्र सांगतो. पाणी मोजून. बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून विरघळू द्यायचा, गिळायची घाई करायची नाही. स्वप्नात मी आमच्या गावच्या विहिरीवर बादलीला तोंड लावून पाणी प्यायचो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मिठाईवाले काका असायचे. "आखी जिंदगी लोकांना गोड खाऊ घातलं," असं मोडक्या मराठीत मला सांगायचे, "ने जुओ, बघा, इथे फळ मिळालं." एकदा ते आले नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी होतं. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बरं वाटावं असंही काही होतं, नाही असं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मंजुबेन माझ्यासाठी बिनमिठाची खिचडी पाठवायच्या आणि डब्याबरोबर निरोप द्यायच्या, की भाईंना म्हणावं तोंड वाकडं करायचं नाही, मी पण तीच खाल्ली आहे.

वैशाली किडनी द्यायला तयार होती. तिला साखर निघाली, डॉक्टरांनी नाही म्हटलं. मूल लहान, दुसरं भावंड नाही. मग गावाहून ताईचा फोन आला. पारोळ्याजवळचं गाव आमचं. मी डिप्लोमा करून बडोद्याला आलो तो इथलाच झालो, ती तिथेच राहिली. फोनवर म्हणाली, "माझी चालेल का बघ. नाहीतरी दोन कशाला लागतात बाईमाणसाला?" दाजी, म्हणजे तिचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते मागून म्हणाले, "एक सीट रिकामी झाली तरी गाडी जाते."

मी एकदाही 'नको' म्हटलं नाही. लोक म्हणतात, पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मी तेवढंही केलं नाही.

एक वाक्य

सगळ्या तपासण्या जुळल्या. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर ताईला एकटीला बोलावलं, तिथे मराठी येणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तिला तीन-तीनदा विचारलं, जबरदस्ती आहे का. ती म्हणाली, भाऊ आहे, जबरदस्ती कसली. तिथे सगळं नीट झालं.

नीट झालं नाही ते भूलतज्ज्ञांच्या खोलीत. डॉ. हेतलबेन, तरुण, चष्मा डोक्यावर सरकवलेला. किडनी देणाऱ्यांना ऑपरेशननंतर किती दुखतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. काहींना नेहमीची औषधं द्यायची, काहींना त्याबरोबर पाठीच्या स्नायूंखाली एक बारीक नळी घालून तिच्यातून बधिर करणारं औषध थेंब थेंब सोडायचं. कुणाला काय, ते चिठ्ठीवर. नंतर दुखणं शून्य ते दहामध्ये विचारायचं, आधी वॉर्डमध्ये, मग घरी गेल्यावर काही महिने फोनवर. थोडं जास्तीचं रक्त प्रयोगशाळेत जाणार होतं. रक्तातल्या सुजेच्या खुणा बघून कुणाचं दुखणं रेंगाळणार हे आधी ओळखता येतं का, ते त्यांना शोधायचं होतं. उपचार कुठल्याही परिस्थितीत मिळणार. तयार नसाल तर नाही म्हणा, असंही सांगितलं.

त्या गुजरातीत बोलत होत्या, अधूनमधून हिंदीत. ताई प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघायची. मी मराठीत सांगायचो.

मग त्या म्हणाल्या, हे नीट ऐका. काही जणांना छेदाच्या जागी महिनोन् महिने दुखत राहतं, थोड्यांना त्याहूनही जास्त. कुणाला ते आधी सांगता येत नाही. आमचं संशोधन त्यासाठीच आहे. तसं झालं तर लपवू नका, लवकर आलात तर उपाय करता येतो.

ताईने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "थोडे दिवस दुखेल म्हणतात. मग बरं होतं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्या खुर्चीवर बसायचं होतं. मला वाटलं, हिने आता एक क्षण जरी विचार केला तर मी मेलो. ताईने मान डोलावली. हेतलबेनना वाटलं, समजलं. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि हसल्या.

पहिला आकडा

ऑपरेशन दुर्बिणीतून व्हायचं होतं. मधेच रक्तवाहिनीचं काहीतरी आडवं आलं आणि ताईच्या डाव्या कुशीला मोठा छेद घ्यावा लागला. तिची डावी किडनी माझ्या उजव्या ओटीपोटात बसली आणि चालू झाली. लघवी आली तेव्हा नर्सनी मला पिशवी उचलून दाखवली, बाळ दाखवावं तशी. मला वेगळ्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं. ताई वॉर्डमध्ये, चिठ्ठीत तिला नळी निघाली होती. तिथे वैशाली तिच्याजवळ होती आणि ताई सांगेल तो आकडा ती जसाच्या तसा सांगत होती. ताई पहिल्यांदा व्हीलचेअरवरून माझ्या काचेबाहेर आली तेव्हा मास्कआडून म्हणाली, "तुझ्यात माझा एक नग आहे आता. जपून वापर."

हॉस्पिटलमधून सुटी झाल्यावर ती काही आठवडे आमच्याकडे मांजलपूरलाच राहिली. सर्जननी टाके बघितले, जखम कोरडी होती, छान म्हणाले. तिथेही मीच दुभाष्या. 'ठीक छे,' मी म्हटलं.

मग हेतलबेनचा फोन आला. नंबर माझाच दिला होता, कारण ताईचा फोन दाजींच्या खिशात असतो आणि तिला गुजराती येत नाही. ताई दिवाणावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी फोन कानाला लावूनच तिला विचारलं, शून्य ते दहामध्ये किती.

ती शेंग हातात धरून थांबली. "सात म्हण," ती हळूच म्हणाली.

मी फोन घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत गेलो आणि म्हटलं, "त्रण." म्हणजे तीन.

का म्हटलं? स्वतःला मी बरीच उत्तरं दिली. हेतलबेन काळजी करतील. ताईला उगाच पुन्हा हॉस्पिटलची वारी. दाजी म्हणतील, धड बायको नेली आणि मोडकी दिली. पण खरं सांगायचं तर सात हा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला असता तर मला त्याच्याबरोबर राहावं लागलं असतं. मला भूक लागायला लागली होती. पाणी पोटभर पीत होतो. ते मला पूर्ण हवं होतं.

मी परत आलो तर ताई शेंगा सोलत होती.

दुसरा आकडा

दाजी येऊन तिला घेऊन गेले. पुढचा फोन आला तेव्हा मी कामावर रुजू झालो होतो. हेतलबेन म्हणाल्या, बेनना लाइनवर घेता का, मीच बोलते थोडं हिंदीत. मी म्हटलं, गावात नेटवर्क नाही, सकाळीच बोलणं झालंय, सारुं छे, बरी आहे. आकडा? "बे," म्हटलं. दोन.

त्या दिवशी मी ताईला फोनच केला नव्हता. त्या आठवड्यातही नाही.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. देणाऱ्याच्या तपासण्या ठरलेल्या असतात त्या घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. माझ्या भरवशावर ताईची एक तपासणी तशीच राहिली. माझ्या मात्र सगळ्या वेळेवर झाल्या.

दाजींचा फोन

मग दाजींचा फोन आला. एरवी ते माझ्याशी थट्टेनेच सुरुवात करतात, आज केली नाही. म्हणाले, शकूच्या पायांवर सूज आहे, तोंडही सुजल्यासारखं वाटतंय. ती घाबरू नका म्हणतेय, पण मला बघवत नाही. मग म्हणाले, "सुधीर, भाकरी करायला बसली की भिंत धरून उठते रे ती."

मी विचारलं, औषध काय चालू आहे. ते म्हणाले, गावातल्या मेडिकलवाल्याची दुखण्याची गोळी.

मी त्यांना पत्त्यावरचं नाव वाचायला लावलं. एकेक अक्षर. ते पुरं व्हायच्या आधीच मला कळलं होतं. माझ्या बॅगेत कायम असायची तीच.

तिला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी वैशालीने बजावून सांगितलं होतं, ही गोळी आयुष्यात घ्यायची नाही, आता एकच किडनी आहे. पण मग दुखल्यावर काय करायचं, हे डॉक्टरांना विचारायला तिला वाट फक्त माझ्या फोनची होती, आणि माझ्या फोनवर सगळं 'सारुं' होतं.

दाजी तिला घेऊन रेल्वेने बडोद्याला आले. स्टेशनवर ती डब्यातून उतरताना एका बाजूला कललेली होती. मी पिशवी घ्यायला पुढे झालो तर म्हणाली, "तू जड उचलू नकोस." रिक्षात वैशालीने तिला विचारलं की अहो ताई, सांगूनही गोळ्या कशा घेतल्या. ती अपराध्यासारखी म्हणाली, "रोज नव्हते गं घेत. फक्त स्वयंपाकाच्या वेळी."

स्वयंपाक ती रोजच करते.

तिचं क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणजे उरलेली किडनी नीट काम करत नव्हती. ॲडमिट केलं. माझ्याच किडनीच्या डॉक्टरांकडे, त्याच मजल्यावर. मी मास्क लावून तिच्या पलंगाजवळ बसायचो आणि माझ्या पोटातल्या तिच्या किडनीचे रिपोर्ट उत्तम यायचे. गोळ्या बंद झाल्यावर तिचं क्रिएटिनिन उतरलं. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, इथून पुढे सांभाळून राहायचं. किती सांभाळून ते त्यांनी सांगितलं, ते ताईला मराठीत सांगायला मी वैशालीला लावलं. माझ्यावर विश्वास नव्हता माझाच.

कबुली

हेतलबेनकडे मी एकटाच गेलो. ओपीडी संपत आली होती. उभ्यानेच सांगितलं, पहिला आकडा सात होता, दुसरा मी विचारलाच नव्हता. ऑपरेशनआधीचं ते वाक्यही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हळू आवाजात विचारलं की तुम्हाला माहीत आहे का, अशा आकड्यांवरून आम्ही पुढच्या देणाऱ्याला काय सांगायचं ते ठरवतो. तुमच्या त्रण आणि बेमुळे कुणाला तरी मी म्हटलं असतं, नळी घातली की पुढे दुखत नाही. मग म्हणाल्या, "संशोधनाचं मी बघेन. पण तुमच्या बहिणीचं दुखणं तुम्ही माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही, सुधीरभाई. दार लावून उभे राहिलात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ताईला तपासलं. छेदाच्या व्रणात एक नस दुखावलेली होती. साडीच्या पदराचा नुसता स्पर्श झाला तरी ताईचा श्वास अडकायचा. किडनीला सोसेल अशी वेगळी गोळी, अगदी थोड्यापासून, आणि त्या नसेजवळ सुई. त्या म्हणाल्या, सुरुवातीलाच आला असतात तर मला जास्त खात्री देता आली असती. आता प्रयत्न करू.

ताईला सांगणं राहिलं होतं. वॉर्डमध्ये दाजी चहा आणायला गेले तेव्हा मी सुरुवात केली. ताई, त्या फोनवर मी...

"माहितीय मला," ती म्हणाली.

"सात म्हण म्हटलं होतं मी. तू त्रण म्हणालास. इतके दिवस तुझ्याकडे राहिले, भाजीवाल्याचा हिशेब मला कळत नाही का? सात काय गुजरातीत वेगळं असतं?"

"मग बोलली का नाहीस?"

ती चादरीची घडी नीट करत राहिली. "आधी वाटलं, आत्ताच उठलाय मरणातून, घाबरत असेल. मग वाटलं, ह्याला ऐकायचंच नाही तर कुणाला सांगायचं."

दाजी चहा घेऊन आले. आम्ही तिघांनी तो प्यायला. दाजींना मी दोन दिवसांनी सांगितलं. ते आता माझ्याशी बोलतात, पण थट्टा करत नाहीत.

अजून

सुया दोनदा झाल्या आहेत. दर वेळी ताई आणि दाजी आमच्याकडे येऊन राहतात. मागच्या खेपेला हेतलबेननी मला दाराबाहेर बसवलं आणि नागपूरकडच्या एका नर्सला आत बोलावलं. योग्य केलं. बाहेरच्या बाकावर बसलो असताना माझ्या लक्षात आलं, की मी ताईला आजवर स्वतःहून कधी विचारलंच नव्हतं. जे विचारलं ते डॉक्टरांच्या वतीने.

परतताना दाजी औषधं घ्यायला मागे थांबले होते. रिक्षात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "ताई, आज किती दुखतंय?"

तिने वळून बघितलं. "कुणाला सांगायचंय?"

"कुणाला नाही. मला."

"आठ," ती म्हणाली. "सुई दिली तरी आज आठ आहे."

मग तीच बोलायला लागली. परकराची नाडी त्या बाजूला बांधता येत नाही, म्हणून वर, बरगडीखाली बांधते. खोकला आला की आधी उशी पोटाशी धरते. डाव्या कुशीवर शेवटचं कधी झोपली ते आठवत नाही. शेजारणीच्या घरी बारशाला गेली होती, बाळ मांडीवर दिलं आणि त्याने पाय झाडला, तर तिने ते इतक्या घाईने परत दिलं की लोकांना वाटलं बाळ आवडलं नाही. रिक्षा सोसायटीत आली तरी ती सांगतच होती. आम्ही उतरून खालच्या बाकड्यावर बसलो. वैशालीने वरून हाक मारली, मी हाताने थांब म्हटलं.

मधेच ताई थांबली. "कंटाळलास?"

"नाही. सांग."

मग तिने राहिलेलं सांगितलं.